पुढच्या सीटवर आक्का

आमच्या दाजींनी, म्हणजे कल्याणरावांनी, जन्मात एक पाना दुकानातून नवा आणला नाही. नांदूरघाटात त्यांचं भांड्यांचं दुकान, आणि बाजार करायला एक म्हातारी व्हॅन. सोमवारी हे गाव, बुधवारी ते. तिचं इंजिन पुढच्या सीटांच्या खाली. तिथले निम्मे नट डोळ्याला दिसत नाहीत, उरलेल्यांना हात पोचत नाही. मग दाजी पाना कापायचे, तापवून वाकवायचे, नाहीतर झाऱ्याच्या दांड्याला जोडून घ्यायचे. आत पडलेला नट काढायला सायकलच्या तारेला जुन्या स्पीकरचं चुंबक बांधलेलं. मी त्यांना 'विश्वकर्मा' म्हणून चिडवायचो. "तुमच्या हत्यारांच्या भंगारात नवी गाडी येईल," म्हटलं की नीलम्मा, माझी थोरली बहीण, म्हणजे आक्का, माझ्यावरच उखडायची.

मार्चमध्ये आक्का बीडच्या दवाखान्यात वारली. सकाळचे सात वाजले होते.

आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला मांडी घालून, बसतं करून मातीत ठेवतात. ते अंग आखडायच्या आत करावं लागतं. दाजींच्या वडिलांना दवाखान्यातून आडवं आणलं होतं, तेही उशिरा. मग चौघांनी मिळून त्यांचे गुडघे दाबले. तो आवाज दाजींनी ऐकला होता. म्हणून शववाहिका नको म्हणाले आणि आक्काला व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर बसवलं. पाठीशी उशा, छातीवरून तिचंच लुगडं बांधलेलं. कागद हातात यायला नऊ वाजले होते. त्या अरुंद सीटवर मांडी काही घालता येईना.

"तासा-दीड तासात घरी जातो, तिथं घालू," दाजी म्हणाले.

गाव दहा-बारा किलोमीटर राहिलं आणि सीटखालून वाफ आली. पाण्याचा पाइप निसटला होता, त्याची क्लिप ढिली झाली होती. आणि ती क्लिप नेमकी आक्काच्या सीटखाली, पार मागच्या अंगाला. एरवी ती सीट उचलली की दोन मिनिटांचं काम.

"दाजी, तिला खाली घेऊ."

"दोघांनी धरली तर बसती राहील. मंग क्लिप कोन आवळणार? अन् रस्त्यावर आडवी न्हाई टाकायचो मी तिला."

"मग कशाला आणली ह्या भंगारात?" मी ओरडलो.

"आवाज कमी कर, संगमेश्वर. ती हाय इथं."

मी शेजारच्या बंकटला फोन लावला. तो म्हणाला, खड्डा झालाय, विधी करणारे स्वामी येऊन बसलेत, पण गावातली जीप पाहुण्यांना आणायला गेलीय, दोन तास तरी लागतील. दुष्काळात तेरावा महिना. एक मोटारसायकलवाला थांबला, "काय झालं, भाऊ?" म्हणत आत डोकावला, आक्काकडे बघितलं आणि किक मारून जो सुटला तो सुटलाच. मी त्याला आईवरून शिवी दिली. त्याची काय चूक होती?

दाजींनी ड्रायव्हरच्या बाजूची सीट उचलून हात घातला. कोपरापर्यंत गेला, पुढे जाईना. मग ते स्पीडच्या मीटरकडे वळले. ते बंद पडून दहा वर्षं झाली होती. त्याची केबल त्यांनी उपसून काढली, तिच्या आतल्या तारेचं टोक दगडावर धरून पान्याने ठोकत चपटं केलं. झाला वाकत जाणारा स्क्रू-ड्रायव्हर. मागे विकायचे झारे पडले होते. एकाचा दांडा आकड्यासारखा वळवून त्यांनी पाइप जागेवर ओढला. आता स्क्रू दिसायला हवा. "तिच्या पायाकडनं मोबाइल आत घाल, उजेड लाव, अन् मला सांग," म्हणाले.

मी आक्काच्या पायाशी गुडघे टेकले.

"पाय जरा बाजूला सार तिचे."

मी सारले. हलले नाहीत. जरा जोर लावला. पुन्हा तेच. अंग आखडायला लागलं होतं. पलीकडून दाजी विचारत होते, "दिसतंय का? बोल की बे!" मी म्हणालो, "दिसतंय." एवढंच म्हणालो. तेव्हाच सांगितलं असतं तर गुडघे थोडे तरी वाकले असते, असं आता वाटतं. तिथंच कडेला सतरंजी टाकून मांडी घातली असती. पण मघाशी एवढा ओरडलो होतो, आता ते सांगायला तोंड उघडेना.

"डावीकडं. अजून. खाली. गेलं. निसटलं."

किती वेळा निसटलं कोण जाणे. उन्हाने पत्रा तापला होता. दाजींच्या बोटांतून रक्त येत होतं आणि ते त्या इंजिनाला हात जोडावेत तसे पुटपुटत होते, "आजच्या दिवस. माय, आजच्या दिवस." शेवटी टोक खाचेत बसलं आणि स्क्रू फिरला. कॅनमधलं सगळं पाणी ओतलं, चावी फिरवली, गाडी सुरू झाली.

"पोचतो बघ, नीलम्मा," दाजी म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता. मला त्यांच्याकडे बघवेना.

दारात पोचलो तेव्हा दीड वाजला होता. बंकटने आक्काच्या गुडघ्याला हात लावला आणि माझ्याकडे बघितलं. न सांगताच चौघे बाह्या सारून पुढे आले.

"न्हाई," दाजी आडवे उभे राहिले. "कुनी हात लावायचा न्हाई."

"मग कसं करावं, कल्याणराव?" स्वामींनी विचारलं.

दाजी मळ्यात गेले. तिथं खणलेल्या खड्ड्यात उतरले. बसवण्यासाठी भिंतीत कोनाडा केला होता. त्याचा तळ मांडीच्या मापाचा, सपाट. त्यांनी कुदळ घेतली, पुढची माती खोल काढली आणि मागे एक पायरी राखली. व्हॅनच्या सीटची उंची त्यांना विचारायची गरज नव्हती. वितीने मोजली, हाताने थापटून सारखी केली. पाय खाली सोडून बसता येईल अशी.

"चालंल का, स्वामी?"

"बसलीय ना ती? मग चालतंय."

दाजी त्या पायरीवर स्वतः बसले. माती दबते का ते बघायला. "टिकतंय," म्हणाले.

आम्ही वर वाट बघत राहिलो. आक्काला घेऊन माणसं काठाशी आली. पण दाजी तिथून उठेनात. शेवटी मला खड्ड्यात उतरून, काखेत हात घालून त्यांना उठवावं लागलं.