व्हायोलिनवरची करंगळी

ती पहिल्यांदा आली तेव्हा मी एका ड्रायव्हरच्या कमरेला शेक देत होते. दोन हजार पंधराच्या आसपासची गोष्ट. मस्कतला कुरुममधल्या एका खाजगी क्लिनिकात मी फिजिओथेरपिस्ट होते. आमचे पेशंट म्हणजे बरकाहून येणारे पिकअपवाले, दुकानात दिवसभर उभं राहून टाचा धरलेली रत्नागिरी-रायगडकडची माणसं, आणि आजूबाजूच्या ऑफिसांतले मान आखडलेले साहेब. वाजवण्यामुळे दुखणं झालेला पेशंट मी नोकरीच्या बारा वर्षांत एकच पाहिला होता, तोही गणपतीत ढोल बडवून खांदा धरलेला.

ती कोरियन होती. पस्तिशीची, बारीक, केस घट्ट मागे बांधलेले. हातात आमच्या केरळी हाडांच्या डॉक्टरांची चिठ्ठी. डावा हात, अनामिका आणि करंगळी अशक्त, कोपरापाशी नस दबली असण्याची शंका.

"दुखतं का?"

"नाही."

"मुंग्या?"

"नाही."

"मग होतं काय?"

तिने डावा हात माझ्यापुढे धरला. "वाजवताना ही दोन बोटं माझी राहत नाहीत."

मला वाटलं, भाषेचा घोटाळा आहे. तिचं इंग्रजी जर्मनीत घडलेलं, माझं चिपळूणच्या शाळेत. मी फाईलमध्ये 'अशक्तपणा' असं लिहून टाकलं आणि कामाला लागले.

मी तिचा हात हातात घ्यायच्या आधीच तिने मला माझं वय विचारलं. मी चकित झाले, पण सांगितलं. ती खूश झाली. "मग तुम्ही माझ्या ऑन्नी," म्हणाली. त्यांच्याकडे बाईने आपल्याहून मोठ्या बाईला असं म्हणायचं. मी म्हटलं, आमच्याकडे याला ताई म्हणतात. ती दोन-तीनदा 'ताई, ताई' पुटपुटली, पण शेवटपर्यंत मला ऑन्नीच म्हणत राहिली.

मस्कतमधल्या एका खाजगी संगीतसंस्थेत ती मुलांना व्हायोलिन शिकवायची. शिवाय त्याच संस्थेच्या चार जणांच्या गटात वाजवायची. मोठ्या हॉटेलांत, वकिलातींच्या समारंभांत, कधी लग्नांत. दर वर्षी करार नवा होई, त्याआधी वाजवून दाखवावं लागे. व्हिसा त्या नोकरीवर. हे मला समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्या हमरियाच्या बिल्डिंगमधलं प्रत्येक घर तशाच एका कागदावर उभं होतं.

आठवड्यातून तीनदा ती यायची. मेणाच्या गरम भांड्यात हात बुडवायचा, मग कोपरापाशी अल्ट्रासाउंड, मग बोटांचे व्यायाम. अर्धा-पाऊण तास हात माझ्या ताब्यात. अशा वेळी माणसं बोलतात.

चौथ्या वर्षी तिच्या हातात व्हायोलिन दिलं होतं. आई शेजारी बसायची. दोन वाडगे, एकात वाटाण्याएवढे काळे दाणे. एक ओळ बिनचूक वाजली की एक दाणा दुसऱ्या वाडग्यात. चुकली की सगळे दाणे परत पहिल्यात. शाळेत जायच्या आधी एकदा, आल्यावर एकदा. मग संगीताच्या शाळेची प्रवेश परीक्षा, तीही अकरा-बारा वर्षांच्या मुलांची. त्यासाठी आई तिला घेऊन सोलला खोली करून राहिली. वडील गावीच राहिले, नोकरी करत. वडिलांबरोबर ती पुन्हा कधी एका घरात राहिली नाही.

"तुला आवडायचं का?" मी विचारलं.

"ऑन्नी, तो प्रश्न कोणी विचारला नव्हता. पण हो. आवडायचं. तीच तर पंचाईत आहे."

अठराव्या वर्षी जर्मनी. वर्गातली निम्मी मुलं कोरियनच. शिक्षण संपल्यावर ऑर्केस्ट्रांच्या परीक्षा, पडद्याआडून वाजवायच्या, म्हणजे कोण वाजवतंय ते कळू नये. किती दिल्या ते मोजणं तिने सोडून दिलं होतं. पडद्याआडून ती पुढे जायची, पडदा निघाल्यावर मागे पडायची. एकदा एका छोट्या शहरात निवड झाली, पण वर्षभर पारखून त्यांनी कायम केलं नाही. कोरियात परत जावं, तर तिकडे गल्लीगल्लीत जर्मनीहून शिकून आलेली एक तरी बसलेली, शिकवण्या मिळायची मारामार. मग कोणीतरी मस्कतचं सांगितलं. दोन वर्षांसाठी म्हणून आली, तिला आठ झाली होती.

ऐकताना मला आमचेच लोक आठवत होते. आखातात गेलेल्याला गावी रिकाम्या हाताने परतता येत नाही. ही तर इतकं शिकून, भरल्या हातानेही परतू शकत नव्हती.

तीन आठवडे झाले. स्नायू ठणठणीत होते. नसेची तपासणी नॉर्मल आली. माझ्या हाताविरुद्ध ती करंगळीने असा जोर लावायची की मलाच तोल सावरावा लागे. तरी दर वेळी तोच शब्द, "तसंच आहे."

शेवटी मी म्हटलं, "उद्या व्हायोलिन घेऊन ये. इथे वाजव."

दुपारी एक ते चार क्लिनिक बंद असायचं. त्या वेळात ती आली. मी पडदा सरकवला, खुर्ची दिली, ती उभीच राहिली. तिने वाजवायला सुरुवात केली. संथ काहीतरी होतं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण त्या फिनेलच्या वासाच्या खोलीत माझ्या अंगावर काटा आला. मग जलद भाग आला आणि मी तिचा हात बघितला. अनामिका तारेवर पडायच्या आधी करंगळी आत वळली. हळूच, तळव्याच्या दिशेने, एखादी गोगलगाय अंग चोरते तशी. तिने ती जोराने बाहेर काढली. पुन्हा वळली. सूर घसरले. ती थांबली नाही, दात आवळून वाजवत राहिली आणि मीच म्हटलं, "बस. पुरे."

तिने व्हायोलिन खाली ठेवलं. माझ्या टेबलावरचं पेन त्याच करंगळीत धरून फिरवून दाखवलं. बोट शहाण्यासारखं वागत होतं.

मला तेव्हाच कळलं. शिकत असताना पुस्तकात याच्यावर अर्धं पान होतं. फोकल डिस्टोनिया. तीच हालचाल हजारो वेळा करून मेंदूतला बोटांचा नकाशा पुसट होतो, दोन बोटांमधली रेघ मिटते. बोटात दोष नसतो, म्हणून बोटावर इलाजही नसतो. परीक्षेत येत नाही म्हणून आम्ही ते पान सोडून द्यायचो.

"कळलं का काही?" तिने विचारलं.

"न्यूरोलॉजिस्टला दाखवू. मग बघू. होईल बरं, इन्शाल्ला."

ती हसली. "ऑन्नी, मी इथे आठ वर्षं आहे. नाही म्हणवत नसलं की हा शब्द वापरतात, मला माहीत आहे."

मी मान खाली घालून मेणाच्या भांड्याचं झाकण पुसत बसले.

न्यूरोलॉजिस्टने तेच नाव सांगितलं. इंजेक्शनं असतात, काहींना थोडा फरक पडतो, काहींचं बोटच ढिलं पडतं. वादकांवर उपचार करणारे डॉक्टर जर्मनीत आहेत, वर्षानुवर्षं नव्याने शिकावं लागतं, पूर्वीसारखं क्वचितच होतं. ती सगळं ऐकून सरळ माझ्याकडे आली.

"मला चाळीस मिनिटं हवीत," म्हणाली.

"कसली?"

आई येत होती. सोलहून, पहिल्यांदाच. इतक्या वर्षांत आईने तिला परदेशात वाजवताना ऐकलं नव्हतं. सात आठवड्यांनी त्यांच्या गटाचा कार्यक्रम होता, एका हॉटेलच्या सभागृहात. तिकीट काढून झालं होतं. आईला बोटांबद्दल काही माहीत नव्हतं, संस्थेतही कोणाला नव्हतं.

"चाळीस मिनिटं करंगळी उघडी राहू दे. नंतर तिचं काहीही होऊ दे."

हे माझ्या हातातलं नाही, असं मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं. ती माझ्याकडे ज्या तऱ्हेने बघत होती, त्यापुढे मला ते जमलं नाही. घरी जाऊन इंटरनेटवर सापडेल ते वाचत राहिले. करंगळीला पट्टी लावून पाहिली. प्लास्टिकची छोटी पट्टी वाकवून आधार करून पाहिला. शेवटी कुठेतरी वाचलं की रबरी हातमोजा घातला तर मेंदू क्षणभर फसतो. मी आमच्या ड्रेसिंगच्या हातमोज्याची करंगळी कापली आणि तिच्या बोटावर चढवली.

तिने वाजवलं. बोट उघडं राहिलं. तिने पुन्हा वाजवलं, आणखी जलद. उघडंच. तिने व्हायोलिन गादीवर ठेवलं आणि माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. मीही रडले. त्या दिवशी घरी मी शिरा केला. नवरा म्हणाला, आज काय आहे? मी म्हटलं, एक पेशंट बरी होतेय.

तिसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला. 'बोटाला कळलं.' मेंदू फसायचा तेवढा फसून झाला होता. मी दुसरं रबर आणलं, पातळ, जाड. काही उपयोग नाही. त्यानंतर ती यायची तेव्हा मी फक्त तिचा हात गरम करायची आणि चोळायची. दोघींनाही माहीत होतं की याने काही होणार नाही. तरी ती एकही दिवस चुकवत नव्हती.

कार्यक्रमाला मी गेले. तिने मला आईच्या शेजारची खुर्ची दिली होती. आई ठेंगणी, पांढरे केस, गुडघ्यांवर पर्स घट्ट धरलेली. आम्हाला एकमेकींची भाषा येत नव्हती. वाकून नमस्कार झाले, तेवढंच.

नंतर मला कळलं की तिने सगळं वाजवणं दोनच बोटांवर बसवून घेतलं होतं. अवघड जागा तिने दुसऱ्या व्हायोलिनवाल्याला दिल्या होत्या, काहीतरी कारण सांगून. माझ्या कानाला काहीच चूक कळली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण मी आईकडे बघत होते. तिसऱ्या-चौथ्या मिनिटालाच तिने डोळे बारीक केले होते. मग ती पुढे वाकली आणि शेवटपर्यंत लेकीच्या चेहऱ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही. नजर फक्त डाव्या हातावर.

कार्यक्रम संपल्यावर बाहेर लॉबीत आम्ही तिघी उभ्या होतो. फुलदाणीपाशी चहाची टेबलं मांडली होती, माणसांची गर्दी. ती आईला काहीतरी सांगत होती, मी कोण ते सांगत असावी. आईने ऐकून घेतलं. मग माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि हळू आवाजात एक लांब वाक्य बोलली.

लेक चहाच्या टेबलांकडे बघायला लागली.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"काही नाही. आभार मानतेय."

आई कोरियनमध्ये पुन्हा तेच बोलली, या वेळी लेकीकडे बघत, दटावून. तेव्हा लेकीने माझ्याकडे न बघता इंग्रजीत सांगितलं, "ती विचारतेय, मी हिला कोणत्या वर्षी थांबवायला हवं होतं?"

पेशंटच्या नातेवाइकांना धीर द्यायची माझी ठरलेली वाक्यं होती, मराठीत, हिंदीत, मोडक्या अरबीत. त्यांतलं एकही इथे चालण्यासारखं नव्हतं. सरावानेच हे होतं असं पुस्तक सांगतं. तितकाच सराव केलेल्या इतर हजारोंना काही होत नाही, हेही तेच पुस्तक सांगतं. ती बाई माझ्या तोंडाकडे बघत होती. लेकही.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "खरंच माहीत नाही. त्यांना सांग, हे कोणालाच माहीत नाही."

तिने आईला कोरियनमध्ये सांगितलं. पण ती कितीतरी वेळ बोलत होती. माझी तर दोन-तीन छोटी वाक्यं होती. बोलता बोलता तिने डावा हात मागे नेऊन कोटाआड धरला होता. आईने मान हलवली, मग माझे हात सोडले आणि मला कमरेत वाकून नमस्कार केला. तिने माझ्या नावावर आईला काय सांगितलं, ते मी विचारलं नाही. आजही मला ठाऊक नाही.

त्या वर्षीच्या कराराआधी तिने स्वतःच संस्थेला कळवलं. त्यांनी नीट वागवलं, शिकवण्यापुरतं राहा म्हणाले. पण शिकवतानाही वाजवून दाखवावं लागतं. वरच्या वर्गातली मुलं तिच्या बोटांकडे बघायला लागली. टर्म संपल्यावर ती जर्मनीला गेली, डॉक्टरकडे. जायच्या आधी क्लिनिकात आली होती. त्या दिवशी माझ्याकडे सहा पेशंट ताटकळत होते. मला तिला दाराबाहेर लिफ्टपर्यंतही सोडता आलं नाही.

तिची फाईल बंद करताना शेवटी एक रकाना असतो, उपचारांचा परिणाम. सुधारणा, अंशतः सुधारणा, सुधारणा नाही. मी ती फाईल आठवडाभर ड्रॉवरमध्ये ठेवली. मग डॉक्टरांनी मागितली तेव्हा तिसऱ्या चौकटीत खूण करून दिली.

ती दोन वर्षं जर्मनीत होती. आता कोरियात एका बंदराच्या गावात लहान मुलांना शिकवते. पहिल्या वर्षाच्या मुलांना दोन बोटं पुरतात, असं तिने लिहिलं होतं. आई तिच्याजवळच राहते. मी एकदा विचारलं, "आईशी त्यावर बोलतेस का कधी?" उत्तर दोन दिवसांनी आलं. म्हणाली, आई रोज जेवताना तिच्या डाव्या बाजूला बसते आणि भाजी तिच्या ताटात स्वतःच वाढते, जणू तिला तो हात उचलताच येत नाही. "येतो, असं मी किती वेळा सांगितलं. आता सांगत नाही. वाढू देते."