क्यानमधली अंबील

बीदरच्या तहसील कचेरीसमोरच्या कडुलिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहिण्यात मी उभे आयुष्य घालविले. शाळा सातवीत सुटली, त्यातही निम्मी उर्दूत आणि निम्मी मराठीत झाली. तरीही माझ्या मजकुराला तालुक्यात तोड नव्हती, हे वकीलमंडळीही खासगीत कबूल करीत. दुसऱ्यांची गाऱ्हाणी रोज शुद्ध भाषेत मांडणाऱ्याला माणसाच्या मूर्खपणाची जात ओळखता येते. आमच्या भागात प्लास्टिक आले, तेव्हा ती जात मी पहिल्याच दिवशी ओळखली.

ज्या बायांच्या आयांनी चिंचेने घासून तांब्याच्या घागरी आरशासारख्या ठेवल्या, त्या बाया लालभडक पोकळ घागरी कमरेवर घेऊन गल्लीतून मिरवू लागल्या. उन्हाळ्यात त्यातले पाणी मुखमार्जनाच्याही लायकीचे नसे. अर्जदार आपली कागदपत्रे प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून आणीत आणि आत घामेजून शाई फुटली, की माझ्याच तोंडाकडे पाहत. मी कागदाला हात लावण्यापूर्वी पन्नी काढावयास लावीत असे.

माझ्या घरात मी हा प्रकार शिरू दिला नाही. तेलाला पितळी चरवी, किराण्याला जुन्या लुगड्याची पिशवी. पत्नी कुरकुरे, "दुकानदार हसायलाय. म्हणतो, साहेबाच्या घरी आणखी निजामशाहीच चालू हाय व्हय?"

"त्याला म्हणावं, तुझ्या दुकानामागचा नाला आधी पाहा, मग हस," मी म्हणे. नाला पन्न्यांनी तुंबलेला होता आणि दुकानदार त्याच्याच वासात बसून दात काढीत होता. अशा माणसाचे हसणे मी हिशेबात धरीत नाही.

परंतु ज्या प्रसंगासाठी हे लिहितो आहे, तो येळवसेचा आहे.

मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्याकडे सारे गाव शेतात जेवावयास जाते, तिला येळवस म्हणतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभारतात, तीत पाच पांडव म्हणून पाच दगड मांडून पूजा करतात, आणि ताक व ज्वारीच्या पिठाची, रात्रभर आंबविलेली अंबील आधी देवाला, मग पिकाला आणि मग माणसांना देतात. ही अंबील मातीच्या बिंदगीतून, म्हणजे मडक्यातून, डोक्यावर न्यावयाची. वडिलांच्या मागे आम्हां दोघां भावांत शेताची वाटणी झाली, मध्ये बांध पडला. माझा वाटा थोरले बंधू, आमचे अण्णा, कसत. मात्र कोप एकच आणि बिंदगी एकच, असे वडिलांनी सांगून ठेवले होते. सामाईक असे आमच्यात तेवढेच उरले होते.

त्या वर्षी मी बीदरहून शेतात पोचलो आणि पाहतो तो वहिनी ओढ्याच्या चढावरून येत आहेत, डोके रिकामे, हातात हेलकावे खाणारा प्लास्टिकचा पांढरा क्यान. अण्णांनी रॉकेलसाठी घेतलेला. वहिनींनी तो राखेने आणि चिंचेने घासला होता, कडुलिंबाच्या पाल्याने खळखळला होता. तांब्याला लागू पडणारी अक्कल त्यांनी प्लास्टिकला लावली. तांबे घासले की नवे होते. प्लास्टिक मात्र प्यालेला वास पोटात धरून बसते. आंबट अंबिलीने तो रात्रभर ओढून घेतला.

मी वाटी ओठाला लावली आणि जमिनीवर ओतून दिली.

"पाच पांडवांना रॉकेल पाजलंत," मी म्हणालो.

"मला तर कसला वास येईना," अण्णा म्हणाले. तंबाखूने त्यांचे नाक केव्हाच मेलेले होते. त्यांची साक्ष मी ग्राह्य धरली नाही.

वहिनी मात्र उठून उभ्या राहिल्या. "सणाची अंबील मातीत ओतलाव, भाऊजी? बिंदगी डोईवर घेऊन ह्यो चढ चढलाव का कधी? मान मोडायलीय माझी. तुमी कोट घालून येता अन् आयतं पिता. पुढल्या येळवसला तुमची कोप तुमच्या वाट्यात घाला, आमची आमच्यात."

मी अण्णांकडे पाहिले. ते भज्जीत, सणाच्या मिसळीच्या भाजीत, ज्वारीचा उंडा कालवीत राहिले. त्यांनी बायकोचा शब्द खोडला नाही.

त्यानंतर वर्षभर अण्णा बाजाराला बीदरला येत, पण माझ्या दारावरून तसेच पुढे जात. हुरडा आला नाही, हरभऱ्याचे डहाळे आले नाहीत. एकदा पत्नी म्हणाली, "क्यान वाईट, मान्य हाय. पर मान कुणाची मोडायलीय, ते बी बघावं की."

वस्तू वाईट ती वाईटच; वाहणाऱ्याच्या मानेने ती चांगली होत नाही, हे माझे मत तेव्हाही होते, आजही आहे. परंतु बांधाच्या दोन बाजूंना दोन कोपी उभ्या राहणार आणि त्याला कारण एक रॉकेलचा डबा, ही नामुष्की मला सहन होण्यासारखी नव्हती. येळवसेच्या आदल्या दिवशी मी कुंभाराकडून चांगली भाजलेली बिंदगी घेतली आणि गावी जाऊन वहिनींपुढे ठेवली.

"कोप एकच. अंबील ह्यात. डोक्यावर मी घेईन."

"तुमी?" वहिनींनी मला वरून खालपर्यंत पाहिले. "कोटावर?"

"कोटावर."

"चुंबळ तरी बांधता येती का?"

"ती तुम्ही बांधा."

दुसऱ्या दिवशी कोट, टोपीच्या जागी चुंबळ आणि तिच्यावर बिंदगी, असा मी वेशीतून निघालो. पारावरच्या रिकामटेकड्यांना वर्षाचे धान्य मिळाल्यासारखे झाले.

"अर्जनवीस साहेब, कामून हो? कचेरीतून काढलं काय?"

"तुझा अर्ज लिहून लिहून डोकं जड झालं होतं, वर वजन ठेवून सरळ करायलोय," मी म्हणालो. विचारणाऱ्याच्या हातात प्लास्टिकची घागर होती. तिच्याइतकाच तोही पोकळ.

ओढ्याच्या चढावर अंबील कॉलरमध्ये उतरली आणि मान बोलू लागली. म्हणून क्यान शहाणा ठरत नाही. वहिनी रिकाम्या हातांनी पुढे चालल्या होत्या. त्या वळून म्हणाल्या, "हळू, भाऊजी. हितं दगड निसटतो. डावीकडून या."

कोपीत अण्णांनी बिंदगी उतरवून घेतली. पूजा झाली, पिकावर शिंपण झाले. पहिली वाटी वहिनींनी मला दिली, आणि मी ती पुरी पिईपर्यंत समोरून हलल्या नाहीत. मग अण्णांना म्हणाल्या, "पुढल्या साली कोप जरा मोठी घाला. दोन घरं बसायची म्हणजे अंग चोरून बसावं लागतंय."

तेव्हापासून बिंदगी माझ्याकडेच आहे. वाटेत दोन्ही बाजूंनी लोक क्यान हेलकावत जातात. डोक्यावर ओझे असताना मान वळवून त्यांच्याकडे तुच्छतेने पाहता येत नाही, एवढीच काय ती गैरसोय.