सातच्या जागी सोळा

मी केंद्रप्रमुख होतो. अकरा शाळा माझ्याकडे. नव्या शिक्षकांना पहिल्या वर्षी हाताला धरून शिकवणं हे माझं कागदावरचं काम आणि शाळाशाळांतून टपाल गोळा करणं हे खरं काम. वर्गात मागे बसून पाठ बघायला मला आवडायचं, पण अर्ध्या पाठातच फोन यायचा, अमुक माहिती बारापर्यंत पाठवा, आणि मी उठायचो.

त्या वर्षी ढोकीच्या पुढच्या एका दोनशिक्षकी शाळेवर एक मुलगी नवीन रुजू झाली. मूळची तुळजापूरची. ढोकीत खोली करून राहायची आणि शाळा भरायच्या अर्धा तास आधी येऊन बसायची. पहिल्याच आठवड्यात तिने मला विचारलं, "सर, लेकरू चौथीपर्यंत आलं आणि वाचताच येत नसलं, तर सुरुवात कुठून करायची?" हा प्रश्न मला अकरा शाळांत दुसऱ्या कुणी विचारला नव्हता. खरं सांगतो, आधी कंटाळाच आला. मग जरा लाज वाटली.

मला जे येत होतं ते मी तिला शिकवलं. मुलांकडे पाठ न करता फळ्यावर कसं लिहायचं, रागवायचं कधी आणि रागावल्याचं नुसतं सोंग कधी करायचं. ती पटापट उचलायची. तिच्या वर्गातून बाहेर पडताना मला बरं वाटायचं, आणि मला बरं वाटणं ही तेव्हा सोपी गोष्ट राहिली नव्हती.

दिवाळीनंतर वाचनस्तराचा गोषवारा मागवला गेला. वर्गातल्या किती मुलांना परिच्छेद वाचता येतो, तो आकडा. तिची चौथी एकोणीस मुलांची. तिने एकेकाला जवळ बसवून वाचायला लावलं होतं आणि लिहिलं होतं, सात.

"मॅडम, हे असं न्हाय जमायचं," मी म्हणालो. "गेल्या वर्षी ह्याच पोरांचा आकडा पंधरा गेलाय. सुट्टीत विसरली म्हणायचं का?"

"पण सर, सातच वाचतात."

"सोळा करा."

तिने कागद स्वतःकडे ओढून घेतला. मग म्हणाली, "सात लिहिलं तर जादा वर्ग मिळतो ना? मदतीला एक माणूस देणारेत. मला त्या बारा लेकरांसाठी पाहिजे होतं."

त्या बारांत ट्रॅक्टरवरच्या ड्रायव्हरची एक मुलगी होती. तिला अक्षरं यायची, शब्द जुळायचा नाही. मधल्या सुट्टीत मॅडम तिला शेजारी घेऊन बसायची. "ही वाचायला लागली की माझं वर्ष सार्थकी लागलं," असं तिने मला सांगितलं होतं.

जादा वर्ग मिळाला असता, हे खरं. पण मग गेल्या वर्षीच्या पंधरावर सही कुणाची, हेही कुणीतरी विचारलं असतं. सही माझी होती. हे मी तिला सांगितलं नाही. सांगितलं ते असं, की तुमचं पहिलं वर्ष आहे, साहेबांच्या डोळ्यावर येऊ नका, मी तुमच्या भल्यासाठी बोलतोय. इतक्या मायेने बोललो की माझं मलाच पटलं. तिने सात खोडून सोळा लिहिलं.

जानेवारीत तिथले दुसरे शिक्षक आजारपणाच्या लांब रजेवर गेले. चारही वर्ग तिच्या एकटीवर आले. बदली शिक्षक द्या म्हणून मी वरच्या ऑफिसात जाऊन बसलो. तिथल्या क्लार्कने गोषवारा काढून माझ्यापुढे सरकवला. "सोळा दिसतंय की इथं. लई चांगली शाळा आहे तुमची. एकटीवर चालतंय की." मी चहा पिऊन परत आलो.

त्यानंतर ती मला काही विचारेनाशी झाली. मीही जाणं टाळू लागलो.

मार्चअखेर शेवटचा गोषवारा घ्यायला गेलो, तर तिने तो आधीच भरून ठेवला होता. एकोणीसपैकी एकोणीस. मी ड्रायव्हरच्या मुलीला बोलावलं आणि पुस्तक दिलं. तिने पहिल्या धड्याचं पहिलं पान स्वच्छ वाचलं, कुठेही न अडखळता. मला इतका आनंद झाला की मी उगाच मधल्या एका शब्दावर बोट ठेवलं. "हा वाच बरं." ती थांबली. पहिल्या ओळीपासून ओठांतल्या ओठांत पुटपुटत, बोट सरकवत त्या शब्दापर्यंत आली आणि मग तो मोठ्याने म्हणाली. दुसरा शब्द दाखवला. पुन्हा वरून सुरुवात.

मी मॅडमकडे पाहिलं. ती वह्या रचत होती.

"तपासणीला पहिलंच पान विचारतात, सर," ती म्हणाली. "तेवढं समद्यांकडून पाठ करून घेतलंय."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी तो अंगावर घेतला असता. ती माझ्यासमोर पेन धरून सहीची वाट बघत होती, बाकीच्या दहा शाळांतले शिक्षक बघतात तशीच. मला तिथे अतिशय वाईट वाटलं, आणि मी सही केली.

मुलगी अजून पुस्तक धरून उभी होती. "सर, बराबर आलं का?" तिने विचारलं.

"व्हय," मी म्हणालो. "बराबर आलं."

ती खूश होऊन जागेवर जाऊन बसली.