शनिवारी येणाऱ्या बाई

देवगाव फाट्यावरच्या माझ्या चहाच्या हॉटेलात शाळेतल्या एक बाई दर शनिवारी दहावीच्या मुलांना घेऊन यायच्या. धंद्याचं पुढचं नियोजन कसं करतात ते नुसत्या पुस्तकातून कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. चहा पार गार झाल्यावरच त्या प्यायच्या आणि कुणी काहीही सांगितलं तरी हळूच म्हणायच्या, "बरं, मग पुढं?"

एकदा एका मुलीनं मला विचारलं, "मामा, नवा रस्ता बाहेरून व्हायलाय. गाड्या तिकडून गेल्या तर तुमी काय करणार?"

मी भडकलो. "बाई, माझं वाईट चिंतायला पोरं आणता का? परत येऊ नका."

मुलगी रडवेली झाली. बाई शांतपणे म्हणाल्या, "तिचा प्रश्न चुकला न्हाई, मामा. रागवायचं तर माझ्यावर रागवा."

पुढच्या शनिवारी त्या पुन्हा आल्याच. मुलांना बाहेर झाडाखाली थांबवून एकट्या आत आल्या आणि एक कागद माझ्यापुढं ठेवला. नव्या रस्त्यावर गाड्या कुठं थांबतील, लोकांना तिथं काय लागेल, हे मुलांनी जाऊन, विचारून लिहिलं होतं. हॉटेलासाठी तीन जागाही सुचवल्या होत्या.

"पटलं तर बघा," बाई म्हणाल्या. "न्हाई पटलं, तर पोरं अजून विचारून येतील."

मी कागद दोनदा वाचला. मग दारात जाऊन त्या मुलीला हाक मारली, "आत ये, पोरी. ही पयली जागा नेमकी कुठं हाय, ते नीट सांग मला."