तानुबाईचं भरीत

चौऱ्याण्णव साली लोटनभाऊ पुण्याच्या पाहुण्यांना भडगावजवळ गिरणेच्या काठाकाठाने हिंडवून आणत. शेवटचा थांबा तानुबाईचं झोपडं. तिथे तिने गाळलेली मोहाची दारू चाखायची आणि कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत खायचं.

एकदा एका पाहुणीने झोपडं न्याहाळत नाक मुरडलं. "भरीत इथेच केलंय?"

लोटनभाऊ बोलून गेले, "छे, छे! आमच्या मंडळींनी घरून दिलंय."

मग ताटं चाटूनपुसून साफ झाली. तानुबाई चुलीपाशी सगळं ऐकत होती. निघताना तिने उरलेलं भरीत पळसाच्या पानात बांधून लोटनभाऊंच्या हातावर ठेवलं.

"भाऊ, वहिनीले बी दे. तिनाच हातनं भरीत शे ना!"

लोटनभाऊंना ती पुडी घरी नेववेना, नदीत टाकवेना.