स्लॅबच्या दिवशी घेतलेली सही

माझ्या बायकोला माझं सगळं ठाऊक होतं. फौजेत मी कुठे घाबरलो, कुणापुढे खोटं बोलून रजा मिळवली — सगळं. एवढं एक मात्र तिलाही कळू दिलं नाही. ती चार वर्षांपूर्वी गेली, आणि खरं सांगतो, त्या दु:खातही मनाचा एक कोपरा हलका झाला होता — आता विचारणारं कुणी उरलं नाही म्हणून. असा मी माणूस आहे. पुढे वाचणार असाल तर हे आधी माहीत असू द्या.

हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि साताऱ्यात एका बांधकाम कंपनीत लागलो. काम एकच — नव्या माणसांना सुरक्षा शिकवायची. कामावर येणारा प्रत्येक नवा गडी आधी माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन तास बसायचा. हेल्मेट कसं बांधायचं, शिडी कशी लावायची, बेल्ट कसा घालायचा, त्याचा हूक कशात अडकवायचा. शेवटी मी एकेकाला लोखंडी तुळईला बेल्टवर मिनिटभर लटकत ठेवायचो. बाकीचे हसायचे, पण बेल्ट आपलं वजन पेलतो हे ज्याच्या-त्याच्या अंगाला कळायचं. मग वहीत सही. सही नसेल तर वर जायचं नाही. हा नियम मीच केलेला.

पण स्लॅबचा दिवस निराळा असतो. तुम्ही कधी पाहिलाय? सकाळी नारळ फुटतो, मिक्सर सुरू होतो, आणि मग काही झालं तरी तो थांबवत नाहीत. मध्येच थांबला तर सांधा राहतो, आणि त्या सांध्यातून ती इमारत पुढे कायम गळते. त्या दिवशी माणसं कमी पडली की मुकादम माझ्या शेडमधून नवी माणसं उचलून न्यायचा. आणि मी काय करायचो? आधी सही घ्यायचो. शिकवणं उद्यावर. पहिल्यांदा वही पुढे केली तेव्हा हात अडखळला होता. नंतर नाही अडखळला.

हणमंता अशाच एका सकाळी आला. औंधकडचा, चाळिशीचा, विहिरी खणणारा माणूस. गावोगाव यंत्रं आली, हातानं खणायचं काम संपलं, म्हणून तो बांधकामावर आला होता. त्याच्याबरोबर आणखी दोघे होते. तिघांनी सह्या केल्या. बेल्ट मी चढवून दिले, एवढंच. मुकादम दारातूनच म्हणाला, "हवालदार, शाळा आटपा आता. वर माल वाळाय लागलाय."

दोघे शिडीवर चढले. हणमंता मागे वळला. हातात हूक धरून म्हणाला, "आवं हवालदार, ह्यो कशात घालायचा?"

मी म्हणालो, "आज नुसती घमेली दे. हुकाचं उद्या बघू."

तो हलला नाही. "पर मला कडंला हुबं ऱ्हायाला सांगत्यात. उंचावरची सवय न्हाई मला. मी खाली उतरनारा मानूस."

"अरं गड्या, साठ फूट विहिरीत उतरणारा तू. तुला कसला पट्टा लागतोय? जा वर."

मुकादम हसला. हणमंताही हसला — माझा मान राखायला हसला असेल. आणि वर गेला.

साडेअकराच्या सुमारास तो पडला. बेल्ट अंगात तसाच होता, सगळी बकलं नीट लावलेली. हूक मोकळा लोंबत होता. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

चौकशीला सरकारी साहेब आले. वही उघडून त्यांनी एवढंच विचारलं — ही सही त्याचीच का? "हो" म्हणून मला थांबता आलं असतं. कंपनीनं मला काही पढवलं नव्हतं, कुणी धमकावलं नव्हतं. तरी मी आपणहून म्हणालो, "शिकवलं होतं साहेब. ऐकलं नाही त्यानं." साहेबांनी ते लिहून घेतलं. मुकादम शेजारी उभा होता. पुढे महिनाभरात तो काम सोडून गेला.

इथवर भित्रेपणा म्हणता येईल. पण त्यानंतर मी जे केलं त्याला काय म्हणायचं?

मी हणमंताची गोष्ट वर्गात सांगू लागलो. नाव घेऊन. नवी माणसं नियमांना जांभया देतात, पण मेलेल्या माणसाची गोष्ट कान देऊन ऐकतात. सांगता सांगता ती गोष्ट मी घोटून घोटून गुळगुळीत केली. मी हणमंताला हूक दाखवतो, परत परत बजावतो, आणि तो छाती काढून म्हणतो, "आवं हवालदार, साठ फूट विहिरीत उतरनारा गडी हाय मी, मला कसला पट्टा?" इथे वर्ग हसायचा. मग मी थांबायचो, आणि तो पडला म्हणून सांगायचो. एकदम शांतता. माझं वाक्य मी त्याच्या तोंडी घातलं होतं — आणि ते इतकं चपखल बसलं, की काही दिवसांनी तो हे बोलताना मला ऐकूही येऊ लागला.

काही वर्षांनी कंपनीनं मला सांगलीला पाठवलं, नव्या डिप्लोमाधारक पोरापोरींना शिकवायला. तिथेही हीच गोष्ट. वर्ग हसला, शांत झाला. तास संपल्यावर दुसऱ्या बाकावरची एक मुलगी पुढे आली. म्हणाली, "सर, मी सुवर्णा. तो हणमंता म्हणजे आमचे अण्णा."

मी फळा पुसायला वळलो.

"नका वाईट वाटून घेऊ सर. आमच्याकडची कितीतरी माणसं तुमच्या हाताखालनं शिकून आली, गावात सगळ्यांना माहीत आहे. आई तर अजून फोटोपुढं भांडती. म्हणती, एवढा हवालदार जीव तोडून सांगत हुता, ऐकाय काय झालं हुतं तुमाला?" मग जरा हसून म्हणाली, "आणि ते विहिरीचं, सर — आई म्हणती, त्या दिवशी घरातनं निघताना बी असंच बोलून गेले हुते."

तो असं कधीच बोलला नव्हता. मी घडवलेलं वाक्य त्याच्या बायकोच्या आठवणीत जाऊन बसलं होतं, त्याच्या स्वतःच्या शब्दांच्या जागी. तो घरातून निघताना खरं काय बोलला असेल? ते आता तिलाही आठवणार नाही.

सुवर्णा माझ्या पाया पडली. माझा हात तिच्या डोक्यावर होता. तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हणालो, "सुखी राहा."

आता ती सांगलीतच एका मोठ्या बांधकामावर सुरक्षा अधिकारी आहे. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. आनंदात होती. "सर, मीही वर्गात अण्णांचीच गोष्ट सांगते. माझेच वडील म्हटल्यावर माणसं लय ऐकतात."

दर सोमवारी तिच्याकडे नवी माणसं येतात. दर सोमवारी ती त्यांच्यापुढे उभी राहून आपला बाप कसा बेफिकीर होता ते सांगते. माझ्या शब्दांत.

म्हणून स्वच्छ लिहितो. हणमंता बेफिकीर नव्हता. त्यानं हूक कशात घालायचा ते विचारलं, भीती वाटते हेही सांगितलं. त्या शेडमध्ये विचारणारा तो एकटाच होता. त्याला मी काही शिकवलं नाही, हसण्यावारी नेऊन वर पाठवलं, आणि तो मेल्यावर दोष त्याच्यावर टाकला.

आज रविवार. हे कागद पोस्टानं धाडणार होतो, पण ते मंगळवारी पोचतील. तेव्हा एसटीनं आजच सांगलीला निघतोय. तिच्या हातात देईन, आणि तिचं वाचून होईपर्यंत समोरून उठणार नाही.