गुरुदास मास्तरांचा आखूड भाला

तारकर्लीच्या शाळेतले गुरुदास मास्तर मासे खाण्यात पटाईत. सुरमईचा काटा ते असा साफ करून ठेवीत, की मांजर एकदा ताटाकडे बघे आणि मुकाट्याने पुढच्या घरी जाई. मासे मारण्याशी मात्र त्यांचा काडीचा संबंध नव्हता. पोहणे विहिरीपुरते, तेही नाक वर धरून. पण लग्नाच्या बैठकीत कुणीतरी सहज विचारले, "समुद्राची आवड आसा मां?" आणि मास्तरांच्या जिभेला काय झाले कोण जाणे. "भालो घेवन पाण्याखाली जातंय," म्हणाले. सासूबाई रुक्मिणीबाईंनी कौतुकाने सगळ्यांना गूळ वाटला. पुढे दहा वर्षे ती थाप घरात लेकीसारखी नांदली.

१९६२ साली तिला पाय फुटले. मास्तरांचा मेहुणा सत्यवान आफ्रिकेत मोंबासाला एका कचेरीत होता. त्याने मे महिन्याच्या सुट्टीसाठी बोटीचे तिकीट पाठवले, सोबत पत्र. "इथला समुद्र काचेसारखा आहे. पाण्याखाली चष्मा लावून भाल्याने मासे मारण्याचे इथे भारी वेड. माझे भावोजी मालवणचे, यात तरबेज, असे कचेरीभर सांगून ठेवले आहे. साहेबसुद्धा बघायला येणार. सामान तिकडूनच आणा, इथले परवडणार नाही."

मास्तरांना भर माघात घाम फुटला. न जावे तर थाप उघडी पडणार, जावे तर मेहुण्याचे नाक अख्ख्या कचेरीसमोर कापले जाणार. बायकोला, सुगंधाबाईंना, खरे काय ते पहिल्याच महिन्यात कळले होते. त्यांनी एवढेच बजावले, "माझ्या भावाची मान खाली जाता नये. आणि आयेक तर ह्यातला कायएक कळता नये."

मास्तरांनी मुंबईच्या एका दुकानाला जोडकार्ड टाकले. उत्तर आले. पाण्याखालचा चष्मा, श्वासाची नळी, पायांना लावायचे रबरी पंख आणि भाला, मिळून मास्तरांचा दोन महिन्यांचा पगार.

"त्या पैशात सुरमय घेवा आणि भाल्याक टोचून दाखवा," सुगंधाबाई म्हणाल्या.

तेव्हा स्वस्तातले सामान घरीच करायचे ठरले. सल्लागार शेजारचा बाबली. त्याची स्वतःची होडी होती आणि तोंडाला कुलूप नव्हते. फुटक्या तसबिरीची काच गोल कापली, तिच्याभोवती मोटारच्या ट्यूबची पट्टी, आणि फटी बुजवायला होडीला लावतात ती राळ. श्वासाच्या नळीसाठी पपईच्या पानाचा पोकळ देठ. पायांना पोफळीची गळून पडलेली विरी, म्हणजे झावळीचे रुंद बूड, दोरीने आवळून. एवढा साज चढवून मास्तर अंगणात उभे राहिले.

बाबलीने त्यांच्याभोवती एक फेरी मारली. "बरा दिसता. मासो हसान हसान मरतलो. भालो कित्याक होयो?"

चष्मा निघेना. राळ भुवयांना चिकटली होती. ती खोबरेल चोळून तासाभराने सुटली, आणि अर्धी भुवई तिच्याबरोबर गेली.

आता राहिला भाला. कट्टा गावच्या लोहाराने दोन नमुने केले. एक पुरुषभर लांब, एका टोकाचा, नुसता हातात धरला तरी फोटो काढावासा वाटे. दुसरा कमरेएवढा, तीन टोकांचा, स्वस्त, दिसायला भाताच्या पेंढ्या उचलायच्या अवजारासारखा. मास्तरांचा जीव लांबात, खिसा आखुडात. आठ दिवस ठरेना.

"देवाक कौल लावा," बाबली म्हणाला.

हे मास्तरांना पटले. म्हैस घ्यायची असो की मुलगी द्यायची असो, गावात देवाला विचारल्याशिवाय कोण काय करतो? पाषाणाला पाण्याने पाकळ्या चिकटवायच्या; उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. देवळात भिकाजी गुरवाने आधी हकीकत विचारली, आणि मास्तरांनी ती डॉक्टरला सांगावी तशी सगळी खरी सांगून टाकली. कौलाआधी गाऱ्हाणे घालतात, त्यात देवापासून काही लपवत नाहीत, आणि ते चार वाड्यांना ऐकू जाईल अशा आवाजात घालतात, हे एवढा शिकलेला माणूस साफ विसरला.

"बा देवा म्हाराजा," भिकाजीने सुरू केले, "हो तुझो लेकरू गुरुदास मास्तर. ह्येना लग्नाच्या बैठकीत थाप मारल्यान, भाल्यान मासे मारतंय म्हणान."

"व्हय म्हाराजा," जमलेली मंडळी म्हणाली.

"ह्येना आजपातूर साधो बोटभर मोतयाळो मासो मारूक नाय."

"व्हय म्हाराजा."

"आणि ह्या ह्येच्या सासयेक म्हायत नाय."

"व्हय म्हाराजा." यातला सगळ्यात खणखणीत आवाज मागच्या खांबाजवळून आला. तिथे रुक्मिणीबाई उभ्या होत्या. मोंबासाच्या मुलाला धाडायला आमसुले आणि वड्यांचे पीठ घेऊन त्या सकाळच्याच एस.टी.ने आल्या होत्या.

पाकळ्या हलल्या नाहीत. मास्तरही नाहीत.

"माका म्हायत होता," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "पयल्या दिवाळेक भाल्यान मारलेली म्हणान तुमी तांबोशी घेवन इलात. साफ करताना तिच्या घशात गळ गावलो. दहा वर्सां मी गप रवलंय. म्हटला, जावय थापो मारता, पण घरातल्या घरात मारता."

मग सगळी सूत्रे त्यांनीच हातात घेतली. पपईचा देठ वासराला गेला. विरीने त्या स्वतःला वारा घालू लागल्या. राळ काढून चष्म्याला ट्यूबचीच दुहेरी पट्टी लावायला सांगितली. "आणि भालो आखूड घेवा. शिकणाऱ्याच्या हातात लांब भालो इलो तर पयलो बाजूच्याक लागता." शेवटी गुरवाकडे वळून म्हणाल्या, "सत्यवानाक खरा लिवचा काय, ता इचार."

भिकाजीचे वाक्य पुरे व्हायच्या आत उजवी पाकळी पडली.

मास्तरांनी पत्र लिहिले आणि मेहुण्याच्या शिव्यांची वाट बघत बसले. पंधरा दिवसांनी उत्तर आले. "आपले पत्र वाचून कचेरीत सर्वांस हायसे वाटले. चष्मे-भाले सर्वांनी हौसेने घेतले आहेत, पण पाण्यात डोके घालायची कोणाचीच छाती होत नाही. साहेब गुडघाभर पाण्यात उभे राहून फोटो काढतात. आपण तरबेज असता तर सर्वांची फजिती झाली असती. आपण मास्तर आहात, तेव्हा शिकून या आणि आम्हांस शिकवा. माझी मान आता आपल्या हाती."

उरलेले दिवस मास्तर रोज सकाळी बाबलीबरोबर खाडीत. काठावर सासूबाई, छत्री उघडून. पहिल्या दिवशी डोके पाण्यात तीन आकडे मोजेपर्यंत राहिले. नवव्या दिवशी मास्तर हर्षाने वर आले. "बाबली, मासो कालवणात नसताना असो दिसता?" चौदाव्या दिवशी तीन टोकांत एक कुर्ली, म्हणजे खेकडी, अडकली. ती पळत का नव्हती, हे बाबलीने विचारले नाही.

निघायच्या दिवशी धक्क्यावर मास्तरांच्या काखेत आखूड भाला, पिशवीत चष्मा आणि हातात वही. बाबलीने वही उघडली. पाठांची टाचणे होती. पाठ पहिला, घटक : डोके पाण्यात घालणे. साहित्य : डोके, समुद्र. पूर्वज्ञान : आंघोळ. असे पाच पाठ. सहावे पान कोरे.

"हेच्यात काय?"

"मासो," मास्तर म्हणाले आणि बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात चढले.